तास कुणाच्या बापाचे?

(गुंजवणे, ता. राजगड इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला भाषण करता येत नाही. मला गाडी चालवता येते. आधी क्लिनर होतो, मग ड्रायव्हर झालो. भाषणात चुकलो तर सांभाळून घ्या. पण हिशेबात चुकलो तर जागच्या जागी उठून पकडा. कारण आज मी हिशेबच मांडायला आलोय. तासांचा हिशेब.

आपल्या गावातून वर बघितलं की राजगड दिसतो. गडाच्या एका दरवाजाला आपल्या गावाचं नाव आहे, गुंजवणे दरवाजा. सुट्टीच्या दिवशी पुण्यामुंबईची पोरं त्या वाटेनं वर जातात, फोटो काढतात, खाली येऊन पिठलं-भाकरी खातात. गडकिल्ल्यांच्या घेऱ्यात राखण कुणी केली? महारांनी केली, मांगांनी केली, रामोश्यांनी, कोळ्यांनी केली. पण राखणीला सुद्धा पहारा असतो. एकाचा पहारा संपला की दुसरा उभा राहतो. माझा पहारा कधी बदलला नाही. स्टेअरिंगवर मीच, टायर बदलायला मीच, रात्री डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून डोळा उघडा ठेवून झोपणारा पण मीच.

आता ऐका. गाडी हुबळीवरून भरली. जायचं पुण्याला. अंतर साधारण 430 किलोमीटर. भरलेली गाडी, घाट, टोल, बेळगाव-कोल्हापूरची गर्दी, रस्त्याची कामं, सगळं धरून सरासरी ताशी 40 पकडा. ज्यांनी गाडी चालवलीय ते म्हणतील 40 पण जास्त झाले. तरी पकडा. लांब पल्ल्याच्या गाडीवर माणसानं दिवसाला जास्तीत जास्त 10 तास काम करावं, असं 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा म्हणत होता. एरवी 8, लांब पल्ल्याला 10. पाच तासानंतर निदान अर्धा तास विश्रांती. एक दिवसाचं काम संपलं की दुसऱ्या दिवसाचं सुरू होण्याआधी सलग 9 तास आराम. कागदावर किती छान!

दहा गुणिले चाळीस, चारशे. म्हणजे हुबळीपासून चारशे किलोमीटरवर माझे तास संपले. पुणं राहिलं तीस-पस्तीस किलोमीटर. तास संपले ती जागा कुठली? खंबाटकी उतरलो, शिरवळ गेलं, किकवी गेली, कापूरहोळ गेलं, आणि आला नसरापूरचा चेलाडी फाटा. आपलाच फाटा! तिथून डावीकडं वळलं की मार्गासनी, साखर आणि गुंजवणे. आई घरात जागी. पोरगी झोपलेली. आणि मी वीस टन माल घेऊन फाट्यावरून सरळ पुढं जातो. खेड शिवापूरचा टोल, कात्रजचा बोगदा, मग नवले पुलाचा उतार.

कायद्यानं माझा दिवस फाट्यावर संपला. मालकाचा दिवस पुण्यात संपतो. मधले तीस-पस्तीस किलोमीटर कुणाचे? हाच प्रश्न आहे. बाकी सगळं भाषण म्हणजे या प्रश्नाची फोड.

आता कुणी शहाणा म्हणेल, अरे मग थांबायचं ना फाट्यावर. थांबू कुठं? हायवेच्या कडेला? बंद उभ्या ट्रकला मागून येऊन धडकणाऱ्या गाड्यांच्या बातम्या तुम्ही वाचता. मागच्या दोनतीन वर्षांत सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' नावाची ड्रायव्हरसाठी झोपायची सोय केली. चांगलं केलं. पण तास काही पंप बघून संपत नाहीत. आणि थांबलो तर फोन येतो. शेठचा. मग पार्टीचा. मग गोडाऊनवाल्याचा. 'कुठं आहेस? गाडी तर एकाच जागी दिसतीय.' गाडीला जीपीएस बसवलंय. गाडी थांबली की मालकाला कळतं. ड्रायव्हर थकला ते कळायचं यंत्र मात्र त्यानं बसवलं नाही.

दोस्तांनो, मी आता दहा तास म्हणालो ते फक्त चाकाचे. गाडी भरायला किती तास गेले? मी एका कारखान्याच्या गेटवर चौदा तास उभा राहिलोय. नाव घेत नाही, सगळे सारखेच. आज नंबर लागेल, उद्या लागेल. सावली नाही, संडास नाही, पाणी विकत. गाडी सोडून जाता येत नाही, नंबर जाईल. चौदा तासांनी गाडी भरली, ताडपत्री टाकली, रस्सा आवळला आणि शेठ म्हणतो, 'चल, आराम झालाय तुझा, आता कुठं न थांबता निघ.'

तुम्हाला वाटेल हा शेठचा उद्धटपणा आहे. नाही. ही अक्कल त्याला कायद्यानं दिली. 1961 च्या कायद्यात कामाचे तास म्हणजे काय याची व्याख्या होती. गाडी चालू असतानाचं काम धरा. बाकीचं जोडकाम धरा. आणि तळावर नुसतं हजर राहणं, तेही धरा, पण किती? पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर! पंधरा मिनिटांच्या आत गाडी सोडली तर ते काम. चौदा तास ताटकळलो तर? ते काम नाही. मग ते काय आहे? घर आहे का? बायकोच्या हातची भाकरी आहे का? झोप आहे का? कागदावर ते काहीच नाही. चौदा तास माझ्या आयुष्यातून गेले आणि कुणाच्याच वहीत चढले नाहीत.

तो 1961 चा कायदा आता राहिला नाही. 2020 साली संसदेनं कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांच्यावरची संहिता केली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. जुना कायदा तिच्यात विरघळला. दिवसाला 8 तास तिथंही लिहिलेत. जादा कामाला दुप्पट मजुरी तिथंही लिहिली. पण ती पंधरा मिनिटांची मेख जशीच्या तशी नव्या कायद्यात आली. आणि अजून एक गोष्ट झाली. जुना कायदा पाच कामगार असलेल्या धंद्याला लागू होत होता. नव्या संहितेत पाचाचे दहा झाले. आता तुम्ही सांगा, आपल्या भागातली जी पोरं गाडीवर आहेत त्यांच्या मालकाकडं किती गाड्या? एक. दोन. फार तर तीन. म्हणजे आठ तास कुणाला? ज्याच्या मालकाकडं दहा माणसं आहेत त्याला. बाकीच्यांना चोवीस.

चोवीस तास. हा आकडा ऐकल्यावर आपल्या म्हाताऱ्या माणसांना काही आठवतं का? वतन! महारकी! 1874 च्या वतन कायद्यानं महाराला सरकारी नोकर ठरवलं, पण नोकरीचे तास ठरवले नाहीत. दिवसा बोलवा, रात्री बोलवा. टपाल पोचवायला पळ, साहेबाच्या घोड्यापुढं पळ, मयताची बातमी घेऊन परगावी पळ. बाप आजारी तर पोरानं जायचं, पोरगा नाही तर बाईनं जायचं. मोबदला काय? तुकडाभर जमीन आणि बलुतं. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते याच्यासाठी. वतनाला मोल नाही आणि वेळ नाही, म्हणून ती गुलामी आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखलं. ही कनिष्ठ गावकी वतनं कायद्यानं बंद व्हायला 1958 साल उजाडलं.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या कामाला मोजलेले तास नाहीत ते काम म्हणजे वतन. मग त्याला नोकरी म्हणा, ट्रिप म्हणा, कमिशन म्हणा. आजा वेसकर होता, येसकराची काठी घेऊन पळत होता. नातू डिझेलवर पळतो. काठी गेली, स्टेअरिंग आलं. 'हाकेला ओ दे' तेवढं राहिलं.

याच्या उलट बाजूला एक परंपरा आहे आणि ती पण आपलीच आहे. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिबांचे सत्यशोधक. त्यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि झगडून झगडून 1890 साली गिरणीला रविवारची सुट्टी घेतली. आज सगळा देश रविवारी झोपतो तो लोखंड्यांच्या कृपेनं, आणि हे शाळेत कुणी शिकवत नाही. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. 1946 साली फॅक्टरी कायदा दुरुस्त झाला आणि आठवड्याचे 54 तास होते त्यांचे 48 झाले. त्याच्याआधी 1938 साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढं त्यांनी सांगितलं होतं की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण जयंतीला पहिल्या शत्रूवर बोलतो. दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातो.

आता एक गंमत सांगतो. डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा आठवा. देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळावर माणसं बॅगांवर झोपली, टीव्हीवर दिवसरात्र तेच. कारण काय? पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याला सलग 48 तास आराम, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. कंपनीनं तेवढे पायलट ठेवले नव्हते. तास संपले, विमानं जमिनीवर. मग सरकारनं कंपनीला काही काळ सवलत दिली, ते सोडा. मुद्दा काय? पायलटचे तास संपले तर विमान उडत नाही. ड्रायव्हरचे तास संपले तर ट्रक मात्र पळतोच. पायलटचं शरीर थकतं आणि आमचं थकत नाही, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलं? सप्टेंबर 2021 मध्ये रस्तेवाहतूक मंत्री नितीन गडकरी स्वतः म्हणाले की पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचे पण तास ठरले पाहिजेत. नंतर नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, ऑक्टोबर 2025 पासून. एसी लागला. तास राहिले. आता थंडगार केबिनमध्ये झोप जास्त लागंल, एवढंच.

आणि मालाचं बघा. मालाबरोबर ई-वे बिल असतं. जानेवारी 2021 पासून नियम काय? दर 200 किलोमीटरला एक दिवसाची मुदत. सरकारला सुद्धा कबूल आहे की मालाला 200 किलोमीटर जायला एक दिवस लागू शकतो. गाडी अडकली तर मुदत वाढवून मिळते. माल थांबू शकतो, त्याला कायद्याची सोय आहे. त्याच मालावर बसलेला माणूस मात्र एका दमात 430 करतो. या देशात गोणीला दिवस आहे, माणसाला नाही!

2018 साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात दोन गोष्टी झाल्या. ट्रकनं किती वजन न्यायचं त्याची मर्यादा 20 ते 25 टक्क्यांनी वाढवली. आणि नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत, दुसऱ्याला आडवं व्हायला जागा पाहिजे, हा जो नियम होता तो काढून टाकला. वजन वाढलं आणि माणूस कमी केला. धंदा सोपा झाला म्हणे. कुणाचा?

मग उतारावर काय होतं? 20 नोव्हेंबर 2022 ला नवले पुलाजवळ एका ट्रकनं जवळपास पन्नास गाड्या ठोकल्या. ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तपासात सांगितलं गेलं. 13 नोव्हेंबर 2025 ला त्याच पुलावर पुन्हा अपघात, गाड्या पेटल्या, माणसं जळून मेली. मी ड्रायव्हरची बाजू घेऊन मेलेल्यांचा अपमान करणार नाही. उतारावर गाडी न्यूट्रल करणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्यापैकी जो करत असंल त्यानं आजपासून बंद करावं. पण एक विचारतो. डिझेल वाचवायची अक्कल ड्रायव्हरला कुणी लावली? बऱ्याच गाड्यांवर वाचलेलं डिझेल हाच ड्रायव्हरचा भत्ता असतो. पगार तुटपुंजा ठेवायचा, जगणं डिझेलवर टांगायचं, आणि उतारावर माणसं मेली की म्हणायचं ड्रायव्हर नालायक.

शिक्षेच्या बाबतीत मात्र सरकार मोजणीत पक्कं आहे. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळाला तर 10 वर्षांपर्यंत कैद लिहिली. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरातल्या ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकार दोन दिवसात बोलणी करायला आलं. 1 जुलै 2024 ला बाकी संहिता लागू झाली, ते कलम तेवढं बाजूला ठेवावं लागलं. म्हणजे आपण थांबलो की देश थांबतो. हे कळलं आपल्याला. पण आपण जेलच्या वर्षांसाठी थांबलो. झोपेच्या तासांसाठी अजून एकदाही थांबलो नाही.

मघाशी एका दादांनी खाली बसूनच टोला मारला, 'तास मोजले तर ट्रिपा कमी होतील, घर कोण चालवील? तू?' दादा, तुमचा प्रश्न बरोबर आहे. मी तो टाळणार नाही. आपल्याला पैसे ट्रिपवर मिळतात. आज जर कुणी नुसता दंडुका घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की दहा तासांनंतर गाडी चालवायची नाही, तर तो दंडुका मालकावर नाही, तुमच्या चुलीवर पडेल. म्हणून तास आणि पैसा वेगळा मागायचा नाही. तासाचा पगार मागायचा. गेटवर उभं राहिल्याचा पगार मागायचा. गेटवरच्या चौदा तासांना पैसे पडायला लागले की चार तासांत गाडी भरून देतात की नाही बघा! फुकट मिळतं तोवर माणसाचा वेळ कुणीही सांडतो.

दुसरा प्रश्न त्या तीस-पस्तीस किलोमीटरचा. घर, तळ समोर दिसतोय आणि तास संपले, तर काय करायचं? युरोपात या प्रश्नाचं उत्तर कायद्यात लिहिलंय. तिथं दिवसाला 9 तास ड्रायव्हिंग, साडेचार तासांनंतर 45 मिनिटं विश्रांती, आणि गाडीतलं यंत्र ते नोंदवतं. 2020 साली त्यांनी दुरुस्ती केली. अपवाद म्हणून, आठवड्याच्या सुट्टीसाठी घरी किंवा तळावर पोचायचं असेल तर एक तास जास्त, आणि मध्ये अर्धा तास विश्रांती घेतली तर दोन तास जास्त चालवता येतं. पण कारण लिहून ठेवायचं, आणि जेवढं जास्त चालवलं तेवढी विश्रांती पुढच्या तीन आठवड्यांत परत घ्यायची. लक्षात घ्या, तो जादा तास माणसाला सुट्टीला घरी पोचवण्यासाठी आहे. माल पोचवण्यासाठी नाही. आपल्याकडं पण 1961 च्या कायद्यात गाडी बिघडली, रस्ता बंद पडला तर जास्त वेळ काम करून घ्यायची सवलत होती. पण ती मालकाच्या हातात. त्यानं वर्षाचे 365 दिवस गाडी बिघडलेलीच ठेवली. म्हणून सवलत मागताना सावध. सवलत ड्रायव्हरच्या हातात पाहिजे, आणि तिची परतफेड झोपेत पाहिजे.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. शेठ म्हणेल, तू किती तास चालवलं याचा पुरावा काय? पुरावा त्याच्याच खात्यात आहे. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा आहे. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक टोलनाक्यावर गाडी कधी पास झाली ते मिनिटासकट लिहिलं जातं. टोल घेण्यासाठी सरकारला आमचा मिनिट न् मिनिट माहिती आहे. झोप देण्यासाठी माहिती नाही. हा अडाणीपणा नाही. ही लबाडी आहे.

तेव्हा आज इथून उठताना एक काम करायचं. गाडीवरच्या प्रत्येक पोरानं दहा रुपयांची वही घ्यायची. गेटवर कधी लागलो, गाडी कधी भरली, कधी निघालो, कुठं थांबलो, किती झोपलो, कधी रिकामा झालो. सगळं लिहायचं. लिहिता येत नसेल त्यानं शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्यायचं. फोनवर सांगा, ती लिहील. महिन्यानं इथंच बसू आणि सगळ्या वह्या एकत्र वाचू. मग कामगार खात्याकडं जाऊ, ते वह्या घेऊनच. मागण्या मी सांगतो, त्यात भर घाला:

गेटवरचा आणि गोडाऊनवरचा सगळा वेळ कामाचा धरा. पंधरा मिनिटांची मेख काढा.

एका गाडीच्या मालकाचा ड्रायव्हर सुद्धा कायद्यात घ्या, आणि ज्याचा माल आहे त्या कंपनीला जबाबदार धरा. छोटा मालक पण तिच्याच भाड्यावर जगतो.

लांबच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर परत आणा.

पगार वेळेवर द्या, ट्रिपवर नाही. म्हणजे वेळेचा पगार द्या.

तास संपतील तिथं गाडी लावायला आणि पाठ टेकायला जागा द्या.

आणि जी पोरं लायसन काढायच्या तयारीत आहेत त्यांना शेवटचं. गाडीवर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जमीन नाही, नोकरी नाही, मग जाणार कुठं? जा. पण वही घेऊन जा. आज्यानं काठी खाली ठेवली तेव्हा तो एकटा नव्हता, गावोगावच्या लोकांनी महारकी सोडली होती. काठी खाली ठेवायला धाडस लागलं होतं. वहीला फक्त पेन्सिल लागते.

मी त्या फाट्यावरून किती वेळा सरळ गेलो ते मोजलं नाही, कारण तेव्हा माझ्याकडं वही नव्हती. तुमच्याकडं असू द्या. एक दिवस असा आणू की फाटा आला, तास संपले, इंडिकेटर डावीकडं टाकला आणि पोरगा घरी आला. आणि शेठचा फोन आला तर आईनं उचलून सांगावं, 'झोपलाय तो. त्याचा टाइम संपला.'

जय भीम!